दर्शनाची तहान

भांडुपच्या दर्शना परबला कुणाच्याही हातात पाण्याचा ग्लास दिसला, की तिची नजर आधी ग्लासावर जाते, मग माणसावर. पाच वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा मुलुंडला डायलिसिस. चहा, आमटी धरून दिवसाला अर्धा लिटर पाणी. तांब्याभर पाणी गटागटा प्यावं, एवढीच बाईची हौस. तीसुद्धा देवाने ठेवली नाही!

झालं काय, तर पाच वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण ठरलं. कणकवलीहून गाडी भरून पाहुणे आले. दर्शनाला आठ दिवस लघवीला जळजळ होत होती, पण असलं बाईमाणसाने बोलायचं कुणाशी? त्या दिवशी हुडहुडी भरली, तर तापाची गोळी घेऊन, हिरवी साडी नेसून ती हसत झोपाळ्यावर बसली. ताप अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपली. मुलगी पोटातच गेली, आणि लघवी थांबली ती थांबलीच.

डॉक्टरीणबाईंनी नंतर नवऱ्याला, सुशांतला, समजावलं होतं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदर बाईचं रक्त लवकर गोठायला तयारच असतं. त्यात जंतूंचं विष उतरलं, मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं मेली. एरवी हाच ताप कदाचित निभावला असता. दर्शनाला हे ‘एरवी’ फार छळतं. मुलगी आज बालवाडीत गेली असती.

यंदा नणंदेचं, प्रियंकाचं, डोहाळजेवण त्याच खोलीत होतं. सासूबाई म्हणाल्या, “तू आतला बघ गो.” मूल गेलेल्या सुनेने ओटी भरू नये, हे त्या बोलल्या नाहीत, पण कळायचं ते कळलं. दर्शना स्वयंपाकघरात वाट्या भरत बसली.

एवढ्यात प्रियंका पाणी प्यायला आत आली. दर्शनाने सवयीने ग्लासाकडे पाहिलं. पाणी हिंदकळत होतं. तिने उठून नणंदेच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

“वहिनी, कुणाला सांगू नको ना, प्लीज! गोळी घेतलीय. एवढे लोक आलेत.”

“जळजळ होते लघवीला?”

प्रियंकाने मान खाली घातली.

दर्शना तिचा दंड धरून सरळ बाहेर आली. “सुशांत, रिक्षा बोलव. हिला ताप आहे, आत्ता दवाखान्यात न्यायचंय.”

“एवढी माणसां इली हत,” सासूबाई कडाडल्या, “आणि तुझा ह्या काय मधीच?”

“माझ्या वेळीही आली होती, आई. मी गप्प बसले होते.”

सासूबाईंनी ओटीचं ताट बाजूला सारलं. मग त्यांनीच लेकीच्या केसांतली फुलं काढली.

चौथ्या दिवशी फोन आला तेव्हा दर्शना डायलिसिसच्या खुर्चीत होती, हाताला सुया टोचलेल्या.

“वहिनी, ताप उतरला. बाळ लाथा मारतंय! पण सलाईनने वैताग आणलाय गं, दर अर्ध्या तासाला लघवीला पळतेय. वाट लागली माझी!”

दर्शनाला हसू फुटलं आणि डोळे भरून आले. एवढा हेवा तिला आजवर कुणाचाच वाटला नव्हता.

“पळ गं बये,” ती म्हणाली. “एकदा माझ्या वाटणीचंही जाऊन ये.”