न चाखता केलेल्या वड्या

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. तिथल्या क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी कोकणातल्या एक काकू राहायच्या. नारळाच्या वड्या कराव्यात तर त्यांनीच, पण करताना कधी चाखायच्या नाहीत. पहिली वडी देवाची! मला तो हट्टच वाटायचा. मिश्रण झालं की नाही, हे त्या कानांनी ओळखायच्या. "ऐक गो, उलथन्याचा आवाज बदलला," म्हणत कढई उतरवायच्या.

एकदा त्यांच्या मुलाने मुंबईहून कोकोचा डबा आणला. चॉकलेट गोड, म्हणजे कोकोही गोडच असणार, असं समजून काकूंनी साखर निम्मीच घातली. वड्या थापल्या, प्रत्येकीवर अर्धा बदाम लावला, नैवेद्य दाखवला आणि मला एक दिली. कडूजहर! मी गुपचूप बदाम तेवढा खाल्ला. काकूंनी मात्र अख्खी वडी संपवली आणि देवाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कढई चढली. आवाज बदलला. काकूंनी बोटावर जरासं मिश्रण घेतलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"काकू, नैवेद्य व्हायचाय अजून!"

"काल बिचाऱ्याने मुकाट कडू खाल्लंन गो. आज परत कसं देऊ?"