मोटारनानांची वास्तुशांत

मोटारनाना कुठल्याही वस्तूचं म्हणणं ऐकून घेत. म्हणजे अगदी कान लावून. दीड वीत लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम असे. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बघू या काय म्हणते ती." इंजिनाच्या पोटात कुठे काय खडखडतंय ते त्यांना असं कळे. इथवर ठीक होतं. पण शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, जातं, कशाचीच त्यातून सुटका नव्हती. परीक्षेच्या सकाळी मी पोट दुखतंय म्हणून आडवी झाले, तेव्हा माझ्या पोटालाही त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हर लावला होता. "ही म्हणतेय, गणित झालेलं नाही," एवढं निदान करून ते चहाला गेले.

मोटारनाना म्हणजे माझे थोरले काका. ठाण्यात नौपाड्याला आमचं एकत्र घर, पुढे अंगण, अंगणात विहीर. कोपरीला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. लढाईच्या काळात ते लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायला गेले होते आणि पार उत्तरेला, कुमाऊंच्या जंगलात जाऊन आले होते. तिथल्या एका वळणावर गाडी तापली म्हणून थांबले, धुकं हललं आणि देवदारांच्या वर बर्फाचे डोंगर दिसले. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की धुकं कधी हलणार ते आम्हीच सांगायचो. शेवट मात्र नाना नेहमी हळू आवाजात करत. "असं वाटलं, शेजारी ही पाहिजे होती."

ही म्हणजे आमची काकू. आणि अडचण नेमकी तिथेच होती. काकूचं सोवळं कडक. स्वतः शेंदलेलं पाणी, स्वतः रांधलेलं अन्न, त्याशिवाय तोंडात काही जायचं नाही. आगगाडीत तर पाण्याचा थेंबही नाही. एकदा नाशकाला जाऊन आली ती घरी पोचेपर्यंत पांढरीफटक पडली होती. कुमाऊंला पोचायचं म्हणजे किती दिवस उपाशी, याचा हिशेब कोणीच करत नसे. नाना मधूनमधून विषय काढत आणि काकू भाजी चिरता चिरता म्हणे, "तुम्ही पाहिलेत ना, मग झालं." नानांनी पाहिलं यात तिचं समाधान होतं. नानांचं मात्र नव्हतं.

मग एका दुपारी अंगणात घरघर झाली. कल्याणच्या छावणीत लढाईनंतर उरलेल्या गाड्यांचा लिलाव होत असे, तिथून नाना एक लष्करी रुग्णगाडी घेऊन आले होते. मागे दार असलेली, चांगली खोलीएवढी. "बायको स्वयंपाकघर सोडत नाही," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तर मग स्वयंपाकघरच नेतो."

त्यानंतरचे महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नानांनी मागच्या कोपऱ्यात शेगडीसाठी विटांचा ओटा बांधला, वर धुराडं काढलं. आमच्या विहिरीचं पाणी न्यायला तांब्याचा हंडा पट्ट्यांनी आवळून बसवला. तो संपला की वाहत्या नदीचं पाणी चालेल, हे काकूकडून आधीच कबूल करून घेतलेलं होतं. सोवळ्याचं लुगडं वाळत घालायला छताखाली दोरी आणि ते काढायला काठीसुद्धा. छत इतकं ठेंगणं की काठी आडवीच धरावी लागे, पण काठी होती.

आणि मी? मी तेरा वर्षांची होते आणि हिमालयाबद्दल मला सगळं ठाऊक होतं. काकूला सोबत म्हणून मला न्यायचं ठरल्यापासून मी शाळेत मैत्रिणींना तिथलं वर्णन सांगत असे, तेही भूतकाळात. थंडीची सवय हवी म्हणून ऐन मे महिन्यात, आईने विणलेली कानटोपी घालून, मी बर्फाच्या लादीवर पाय ठेवून बसले. वरून घाम आणि खालून हुडहुडी अशा अवस्थेत शेजाऱ्यांनी मला पाहिलं. तीन दिवस तापाने पडले. मोहिमेतली पहिली जायबंदी मीच. अजूनही कोणी "थंडी सोसत नाही" म्हणालं की मी विषय बदलते.

या सगळ्यात काकू गाडीकडे फिरकली नाही. तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. ही रुग्णगाडी. हिच्यात कोण कोण मेलं असेल, काय काय सांडलं असेल. तिथे मी अन्न शिजवायचं? नानांनी गाडी आतून बाहेरून धुतली, चुना लावला, वरून रंग दिला. काकू ओसरीवरून म्हणाली, "रंगाने गाडी नवी होते हो. घर नाही होत."

"मग घर कशाने होतं?" नानांनी विचारलं.

"वास्तुशांतीने," काकू म्हणाली आणि आत गेली. मोटारीची वास्तुशांत करणारा भटजी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मिळणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

पण आमचे बापूभटजी तिला पुरते माहीत नव्हते. मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी बसावं ही त्यांची जुनी इच्छा होती. नानांनी त्यांना शीळफाट्यापर्यंत फिरवून आणलं, भोंगाही वाजवू दिला. फाट्यावर गाडी थांबली तर एक आगरी म्हातारा गालाला हात लावून पुढे आला. रंगाखालून लाल फुली अजून जराशी दिसत होती. म्हाताऱ्याने भटजींची पगडी पाहिली आणि हेच मोठे डॉक्टर असं ठरवून तोंड उघडलं. बापूंनी कनवटीची लवंग काढून दिली. परत येताना ते इतके खुशीत होते की नानांनी काही विचारायच्या आतच म्हणाले, "ज्यात चूल पेटते ते घर. करू आपण."

अडचण दिशांची निघाली. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरावी लागते, आणि गाडी वळली की कोपरा बदलणार. नानांनी अंगणात गाडीचं तोंड बरोबर उत्तरेला केलं. शेगडीचा कोपरा आग्नेयेला आला. तिथे मातीने भरलेला खोका बसवला आणि म्हणाले, "आपण उत्तरेलाच चाललोय. हा कोपरा आग्नेयच राहणार."

बापूंनी मान डोलावली. मग जरा विचार करून विचारलं, "आणि परत येताना?"

"परत येताना मागे मागे येऊ."

वास्तुशांतीला सगळा नौपाडा लोटला. आत जागा नव्हती म्हणून होम अंगणात झाला. यजमानीणबाई म्हणून काकूला नानांशेजारी पाटावर बसावंच लागलं. चेहरा गंभीर, पण एकही विधी तिने कमी होऊ दिला नाही. बापू एक मंत्र गाळायला गेले, तो तिनेच आठवण करून दिला. शेवटी शिध्याचं ताट उचलता उचलता बापू, कुठल्याही घरी सांगतात तसंच, सहज म्हणाले, "वहिनी, आज वास्तू रिकामी ठेवू नका हो. यजमानीणबाईंनी तिथेच निजायचं."

काकूच्या हातातली पळी थांबली. हा नियम तिच्याइतका कोणी पाळला नसेल. माझ्या मामाने नवं घर बांधलं तेव्हा ओल्या जमिनीवर सगळ्या कुटुंबाला तिनेच झोपवलं होतं, आणि मामी शिंकत होती तरी हलू दिलं नव्हतं. आता पाहुणे पाहत होते. मामीही पाहत होती, आणि जरा जास्तच पाहत होती. नाना गाडीचं चाक निरखत बसले होते. काकूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी उशी आण गं."

सकाळी मी उठून ओसरीवर आले तर गाडीच्या धुराड्यातून धूर निघत होता. नाना विहिरीच्या काठावर दात घासायचे विसरून तिकडे बघत बसलेले. मागचं दार उघडलं. काकू पदर खोचून उभी होती.

"अहो, ही मांडणी चार बोटं खाली घ्या. माझा हात पोचत नाही. आणि पीठ ठेवायला जागाच नाही, महिनाभर काय खाणार आहात?"

नाना उठले आणि हत्यारं आणायला गेले. एरवी ते चालताना काहीतरी गुणगुणत. त्या दिवशी नाही. मी मागोमाग गेले तर पाठमोरे उभे राहून हातोडी शोधत होते. हातोडी समोरच होती.

आणि आम्ही गेलो. आग्र्याच्या रस्त्याने, वाटेत सगळ्या नद्यांवर हंडा भरत, रोज सकाळी भात आणि रात्री भाकरी खात. देवदाराचं जंगल आलं, ते वळणही नानांनी शोधून काढलं. या वेळी धुकं नव्हतंच. काकू खाली उतरली, नानांशेजारी उभी राहिली. ज्या डोंगरांचं मी शाळेत वर्षभर वर्णन केलं होतं त्यांच्याशी माझं एकही वाक्य जुळत नव्हतं, म्हणून मी कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

मग काकू म्हणाली, "अहो, गाडी वळवता येईल का? दार इकडे करा. मला चुलीपाशी बसून दिसलं पाहिजे."

रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. नानांनी हातभर पुढे, हातभर मागे करत ती गाडी वळवली. मी मागे उभी राहून ओरडत होते, आणि माझं न ऐकल्यामुळेच आम्ही दरीत गेलो नाही. दार डोंगरांकडे झालं. काकू चुलीपाशी बसली.

त्या दिवशी पिठलं करपलं. नाना जाऊन आता किती वर्षं झाली, काकूही गेली, पण तिच्या हातचं करपलेलं पिठलं मी तेवढं एकदाच खाल्लं. आणि नानांनी ते दोनदा मागून घेतलं.