सुलेखाताईंचा चार्जर आणि नानासाहेबांच्या खाटा

मुकुंदवाडीत सुलेखाताईंच्या घरी पाहुणा गेला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, "किती वेळ थांबणार?" त्यांच्या नवऱ्याची आत्या या प्रश्नावर रुसून चहा न घेता निघून गेली, ती पुढच्या दिवाळीलाही फिरकली नाही. ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. धंद्याची सवय घरात शिरली होती, एवढंच.

हॉटेलं, दवाखाने, मंगल कार्यालयं, कंपन्या यांच्या आवारात विजेवरच्या गाड्यांसाठी कोणता चार्जर लावायचा हे ताई ठरवून देतात आणि तो बसवूनही देतात. गाडी तिथं किती वेळ उभी राहते, यावर सगळं अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस दिवसभर कामाला येत असेल तर हळू भरणारा साधा चार्जर पुरतो, घाईत असेल तर मोठा लागतो. मालक सांगेल त्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्या स्वतः जाऊन बसतात आणि बघतात. त्यांचे यजमान विश्वजीत यांचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. कापड मोजता मोजता ते गिऱ्हाइकाला सांगतात, "आमच्या घरातून लोकांच्या आरामाचा अभ्यास चालतो. अभ्यास करणारीची पाठ मात्र दुपारी कधी टेकलेली बघितली नाही मी."

चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याला नानासाहेबांचं हॉटेल आहे. घरच्या शेतातलाच रस्त्याकडचा तुकडा, लिंबाची झाडं, झाडांखाली खाटा, आणि मनकर्णाबाईंच्या हातची चुलीवरची बाजरीची भाकरी. नानासाहेबांनी ताईंना बोलावलं तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

"पलीकडच्या पंपावर हाय ना, त्याच्यापेक्षा मोठा बसवा."

"कशाला?"

"रस्त्यावरून दिसला पायजे."

"मोठ्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, नानासाहेब. आधी मला दिवसभर इथं बसू द्या."

ताई चुलीजवळची खुर्ची धरून बसल्या. गाडी आली की घड्याळ, गाडी गेली की घड्याळ. मनकर्णाबाईंना ते काही बरं दिसेना.

"माय, कव्हाची घड्याळाकडं बघतीस. माझ्या भाकरीचा टाइम घेतीस का?"

"भाकरीचा नाही मावशी, गिऱ्हाइकाचा."

"एकच झालं की. लई घाई आसंल त्यानं पाव खावा."

त्या दिवशी भाकऱ्या नेहमीपेक्षा सावकाश आल्या, आणि ताईंचा हिशोब तिथंच जरा सैल पडला. तरी त्यांनी निकाल दिला. हात धुण्यापासून पान खाण्यापर्यंत माणसाला तासभर लागतो. तेवढ्याच वेळात गाडी भरेल असा मधल्या ताकदीचा चार्जर बसवायचा. "मधला" हा शब्द ऐकून नानासाहेबांचा चेहरा उतरला. शेवटी चार्जरवर उंच पत्र्याची शेड आणि शेडवर चार्जरपेक्षा मोठी पाटी, यावर त्यांची समजूत पटली. चर खणले, केबल पुरली, अर्थिंगचे खड्डे भरले आणि नारळ फुटला.

महिनाभरानं फोन आला. "ताई, मशीन झकास हाय. गाडी भरती. पण निघत नाय."

ताई आल्या. चार्जरला एक पांढरी गाडी लावलेली होती, काठोकाठ भरलेली. तिचा मालक खाटेवर तोंडावर रुमाल टाकून घोरत होता. मागं दुसरी गाडी खोळंबली होती आणि तिचा मालक हॉर्न वाजवून थकला होता.

"उठवा की त्यांना," ताई म्हणाल्या.

"जेवलेल्या माणसाला?" नानासाहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की ताईंना विषय बदलावा लागला.

चूक त्यांच्या लक्षात आली. त्या पाहणीला बसल्या तेव्हा सगळ्या गाड्या पेट्रोल-डिझेलच्या होत्या. लोक जेवून उठायचे आणि जायचे, कारण आडवं व्हायला सबब नव्हती. आता ती चार्जरनं दिली होती. घरून फोन आला की "गाडी चार्ज होतीय" म्हणायचं आणि कूस बदलायची.

"खाटा काढून टाका," ताई म्हणाल्या.

चुलीजवळून आवाज आला, "आधी जेव. मग काय काढायचं ते काढ."

पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर तांब्याभर ताक झालं. मग ताई कागद घेऊन विचार करायला एका खाटेवर बसल्या. लिंबाखाली वारा बरा होता. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, डोक्याखाली कुणीतरी गोधडीची घडी सरकवली होती, आणि फोनवर विश्वजीतरावांचे न घेतलेले कॉल पडले होते. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. नानासाहेबांनी नुसतं अदबीनं विचारलं, "झाली का पाहणी?"

"झाली," ताई केस सारखे करत म्हणाल्या.

खाटांचं नाव पुन्हा निघालं नाही. मागच्या बाजूला झाडांना लागून ताईंनी दोन हळू भरणारे चार्जर बसवले. झोपणाऱ्यानं मागं लावायची, जेवून निघणाऱ्यानं पुढं. गाडी सावकाश भरते, माणूस सावकाश उठतो, आणि कुणी कुणावर हॉर्न वाजवत नाही. नानासाहेब तर भलतेच खूश झाले, कारण पंपावर एक मशीन होतं आणि त्यांच्याकडं तीन.

नाराज झाल्या त्या मनकर्णाबाई. झोपणाऱ्यांची गर्दी वाढली आणि दुपारी चूल विझवून त्या ज्या खाटेवर पडायच्या, तिच्यावर रोज कुणी ना कुणी साहेब आडवा दिसू लागला. त्यांनी ताईंना गाठून सांगितलं, "तुझ्या मशीनपायी माझी खाट गेली, माय. ती काय वायरीतून येनार हाय का आता?"

पुढच्या खेपेला ताईंच्या टेंपोतून केबलच्या वेटोळ्यांबरोबर एक नवीकोरी खाट उतरली. मनकर्णाबाईंनी ती स्वतःच्या हातानं ओढत चुलीमागच्या सावलीत नेली, जिथं गिऱ्हाईक येत नाही. सुतळी दाबून बघितली.

"इणलीया जरा सैल," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या.