वाढत्या बोटांच्या अंगठ्या

सौदीतल्या दम्माम शहरात आमच्या कंपनीत शाळांची इयरबुकं छापली जात आणि बारावीच्या मुलामुलींसाठी शाळेचं चिन्ह कोरलेल्या अंगठ्या बनत. ही मूळची अमेरिकन शाळांची चाल; पण इथल्या आपल्या भारतीय पालकांनी ती अशी उचलली, की जणू रत्नागिरीत ते पिढ्यान्‌पिढ्या बारावीला अंगठी घालत आले असावेत. फक्त एक सवय त्यांनी गावाहून बरोबर आणली होती. गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवायचा, तशी अंगठीही वाढत्या बोटाची मागवायची. मापाच्या कागदावर ते बिनदिक्कत दोन नंबर मोठं माप लिहीत आणि अंगठी बेसिनमधून वाहून गेली की आमच्या नावाने शिमगा करत. म्हणून भारतीय शाळांच्या ऑर्डरी कारखान्यात पाठवताना मी प्रत्येक माप गुपचूप दोन नंबरांनी खाली आणत असे. हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. सांगून स्वतःचा भाव कशाला कमी करून घ्यायचा?

मग सौदीकरणाचा, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमण्याचा, जोर वाढला. आमच्या इजिप्तहून आलेल्या मिसरी मॅनेजरने बोलावून सांगितलं, की माझ्या जागी एक सौदी मुलगी येते आहे. तिला काम शिकवायचं आणि ती शिकली की माझं खलास. हे तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की माझ्या तोंडून चक्क आभाराचं ‘शुक्रन’ निघून गेलं. बाहेर आल्यावर मात्र हिशेब सुरू झाला. लेक बारावीत, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याआधी रद्द झाला तर तिचाही होणार, आणि ऐन वर्षाच्या मध्यात तिला कुठल्या शाळेत नेऊन बसवणार? बायकोने मात्र दोन मिनिटांत निकाल लावला.

“पोरीची परीक्षा होईपर्यंत त्या मुलीला काही येता कामा नये,” ती म्हणाली.

मी कामाला लागलो. पहिला आठवडा नुसता कागद शिकवला. हा चकचकीत, हा साधा, आता डोळे मिटून हात लावून बघ. पुढचा आठवडा शाईच्या वासावर काढला. अधूनमधून चहा. ती मुलगी अबाया सावरून शांतपणे ऐके आणि मला ‘उस्ताद’ म्हणे. इतकी गुणी पोर डोक्याने जरा मंद निघावी, अशी दुआ मी मनापासून मागत होतो.

मुलींच्या शाळेत पुरुषांना मज्जाव असल्याने तिथली मापं नेहमी पालकांच्या कागदांवरूनच येत. या वेळी ती सौदी मुलगी स्वतः मापाच्या रिंगांचा जुडगा घेऊन माझ्या लेकीच्या शाळेत गेली. परत आल्यावर तिने पालकांचे कागद आणि स्वतः घेतलेली मापं माझ्यासमोर शेजारी शेजारी मांडली.

“उस्ताद, घरून शाळेत येईपर्यंत भारतीय मुलींची बोटं बारीक होतात का?” तिने विचारलं. “तुमच्या मुलीचीसुद्धा झाली आहेत.”

माझ्या घरचा कागद बायकोने भरला होता. एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. बोटाचं माप देता देता आमच्या लाडक्या लेकीने तिला घरातला सगळा बेत सांगून टाकला होता, चहासकट. संध्याकाळी मी लेकीला झापलं, तर ती इंग्रजीत म्हणाली, “रिलॅक्स अब्बा, शी इज नाइस.”

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं आणि तिला विचारलं, काम कितपत आलं? मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

“काहीच नाही,” ती मान खाली घालून म्हणाली. “फार किचकट आहे. मार्च संपेपर्यंत तरी लागेल.”

इतका नालायक मास्तर आपल्याच नशिबी कसा आला, अशा नजरेने मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मीही जमेल तितका ओशाळलो.

बाहेर आल्यावर मी तिचे आभार मानायला लागलो, पण तिने मधेच थांबवलं. तीच म्हणाली, “उस्ताद, आता मात्र खरं शिकवा. मार्चनंतर इथे मी एकटी असणार आहे.”

ती घाबरली होती. माझ्या लेकीहून फार मोठी नव्हती ती, आणि हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी मी चहा न मागवता शिकवायला बसलो आणि काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. जानेवारीत ती माझ्याइतकी तयार झाली. तिथून मार्चपर्यंत, मॅनेजर खोलीत आला की आम्ही दोघं मिळून चुका करायचो.