ताईचा बेडका

परवा दवाखान्यात एक बाई तोंडाला पदर लावून खोकताना दिसली आणि माझी थोरली बहीण आठवली. जिनिंग कारखान्यात वर्षानुवर्षं कापूस उचलताना धूळ ओढून ताईची छाती कामातून गेली होती. लोक टीबी समजून लांब बसत. म्हणून बेडका थुंकायला ती घरामागे जाई आणि वर माती लोटे.

शेवटच्या वर्षी दवाखान्यात संशोधन करणारी एक मुलगी तिच्याजवळ डबी घेऊन आली. "मावशी, यात बेडका द्याल? त्यातली प्रथिनं तपासून फुप्फुसाचा आजार लवकर ओळखता येतो का, ते बघतोय."

"मला गुण येईल?"

"नाही मावशी. पुढच्यांना कदाचित येईल."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली आणि डबीत थुंकली. मुलीने डबी दोन्ही हातांनी घेतली आणि बर्फात ठेवली. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "किती जपून नेलं गं तिने!"

दिवाळीआधी ताई गेली. घरच्यांनी ज्याच्याकडे बघायचंही टाळलं, ते एक परकी मुलगी निरखून तपासत असेल. ताईचा पाण्याचा पेला मीही वेगळा ठेवत असे. ते तिला कळत होतं.