वारा लागला तरी दुखणारा हात

मालवणच्या वजीराचा जवळच्या कट्टा गावच्या बाजारात मासळी विकण्यात जन्म गेला. नवरा फकरुद्दीन होडीवर जायचा आणि सकाळी एसटीने पाटी घेऊन ही बाजार गाठायची. शेजारच्या ओट्यावर बसणारी जानकी तिची जुनी जोडीदारीण. गिऱ्हाईक कुणाकडे जास्त यावरून दोघी भांडायच्या आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायच्या.

गेल्या हिवाळ्यात शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा वजीराच्या डाव्या तळहातात आरपार घुसल्यासारखा रुतला. तिने तो उपटला, हात गरम पाण्यात धरला. दोन-चार दिवसांत जखम मिटली, पण दुखणं काही गेलं नाही, उलट वाढत चाललं. आधी फक्त तळहात ठणकायचा, मग बोटंही ठणकू लागली. साबणाचा फेस, कोमट पाणी, पदराची कड, सगळंच भाजल्यासारखं झोंबे. एसटीच्या खिडकीतून वारा आला तरी ती हात पोटाशी घेई.

जवळच्या डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. "जखम भरली आहे, उगाच मनावर घेऊ नका," ते म्हणाले. घरातही हळूहळू तेच सूर उमटू लागले. फकरुद्दीन बोलून दाखवत नसे, पण त्याच्या नजरेतला संशय वजीराला हातापेक्षा जास्त लागायचा.

जानकीने मात्र एकदाही विचारलं नाही की खरंच एवढं दुखतं का. वजीराची सुरमई ती आपल्याच कोयत्याने कापून देई. "तू पैसे घे गो, मी कापतंय," एवढंच म्हणायची. शेवटी तीच वजीराला ओढून सावंतवाडीला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर तन्वी तरुण होत्या. त्यांनी हात धरला नाही, आधी विचारलं, "कुठे हात लावायचा नाही, ते सांगा." मग पिसासारखा कापूस जखमेच्या कडेकडेने फिरवला. वजीरा कळवळली.

"माका खोटा दुखता काय, डॉक्टरीण बाय?" तिने घाबरत विचारलं.

"नाही हो. तुम्हाला होतंय ते अगदी खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आत काहीतरी बोचत असेल तर तिथल्या पेशी रसायनं सोडत राहतात. ती रसायनं जवळच्या नसांच्या टोकांना चेतवतात. मग एरवी ज्या नसा नुसता स्पर्श कळवतात, त्याच साध्या फुंकरीलाही दुखणं म्हणून कळवू लागतात. तुमच्या नसा चेतल्यात. का चेतल्यात, ते बघू."

हे ऐकूनच वजीराच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी खरं मानलं होतं.

सोनोग्राफीत उत्तर मिळालं. काट्याचं बारीक टोक तळहातात मोडून राहिलं होतं. जागा बधिर करून डॉक्टरांनी ते काढलं आणि कापसावर दाखवलं. "ह्या इतक्याशाच्या पायी?" म्हणून जानकीने शिंगाळ्याला चार शिव्या दिल्या.

लगेच मात्र बरं वाटलं नाही. डॉक्टरांनी बजावलंच होतं, चेतलेल्या नसांना शांत व्हायला वेळ लागतो. रोज थोडा थोडा स्पर्श सवयीचा करायचा. आधी मऊ सुती कपडा, मग टॉवेल, मग परातीतले तांदूळ. ओट्यावर गिऱ्हाईक नसलं की जानकी परात पुढे सरकवायची. कधी वजीरा दात आवळून बोटं बुडवी, कधी दोन क्षणांत हात बाहेर काढून रुसून बसे. तेव्हा जानकी बाजारातल्या कुणाची तरी लफडी रंगवून सांगू लागे. ऐकता ऐकता बोटं तांदळातच राहत.

आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरल्या, तेव्हा वजीराने पहिल्यांदा दोन्ही हातांनी पाटी उचलली. फकरुद्दीनही तिच्यासमोर येऊन म्हणाला, "मी तुज्यावर विश्वास ठेवूक हवो होतो." तिने जेवताना त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला.

आता नमाजानंतर ती जानकी आणि डॉक्टर तन्वी, दोघींची नावं घेऊन दुआ मागते. एकदा जानकीला ते कळलं.

"माजा नाव कित्याक घेतंस? मी काय केलंय?" जानकी मासळीवर पाणी मारत म्हणाली.

"खरा दुखता काय, ता तू इचारलंस नाय," वजीरा म्हणाली, "म्हणान."