नव्या ड्राइव्हचा नंबर

बनी पार्कातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा मी एकटाच, त्यामुळे हुशारही मीच. बॅकअपची टेप ड्राइव्ह बिघडली, मी नवी बसवली, तरी रुग्णांच्या नोंदी टेपवर उतरेनात. चार दिवस मी केबली बदलल्या, मशीन बंद-चालू केलं आणि शेवटी "तुमची ड्राइव्हच खराब आहे," असं कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. डॉक्टरांना मात्र रोज "सब ठीक है" म्हणत होतो.

कंपनीचा माणूस आला. साठीचा, मफलर गुंडाळलेला. त्यानं एकही केबल हलवली नाही. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन ड्राइव्हच्या पाठीवरचा नंबर बोट ठेवून वाचला, मग स्क्रीनवरचा. तिथे अजून जुन्याच ड्राइव्हचा नंबर होता.

"साहबजी, नई आ गई, पर सिस्टम को किसी ने बताया नहीं," तो हळूच म्हणाला. त्यानं नवा नंबर भरला आणि टेप फिरू लागली.

आता हा दुरुस्तीच्या फॉर्मवर माझी चूक लिहिणार आणि डॉक्टर ती वाचणार, या धास्तीनं मी त्याला दोनदा चहा पाजला. जाताना त्यानं सहीसाठी फॉर्म पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, "साहब ने स्वयं ठीक किया."

मी खाली मान घालून सही केली.